आधी ब्रेक, मग हॉर्न

शेंडेभाऊ आणि मी बरीच वर्षं एकाच गाडीवर काम केलं, पण कामाच्या वेळात आम्ही एकमेकांना क्वचितच पाहिलं. ते गाडीच्या पुढच्या टोकाला, मी मागच्या. बल्लारपूरहून गोंदियाकडे जाणारी सकाळची पॅसेंजर ते चालवायचे आणि मी तिचा गार्ड होतो. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव भारदस्त झालं, हातातला हिरवा झेंडा तोच राहिला. आमच्या दोघांच्या मधे डबे, आणि डब्यांत कोर्टाच्या तारखेला निघालेली म्हातारी माणसं, आयटीआयची पोरं, भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, कुणाचं तरी रडणारं लेकरू. त्यामुळं शेंडेभाऊ मला आधी कानांनी माहीत झाले. वॉकीटॉकीवरचा त्यांचा खरखरीत आवाज आणि प्रत्येक स्टेशनवर ठरलेला प्रश्न, "चलू काय गार्डसाहेब?" मी हो म्हटल्याशिवाय त्यांनी गाडी कधी हलवली नाही. हा नियमच आहे म्हणा, पण ते खरंच विचारायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची गाडी थांबवायची रीत. दुसरे चालक स्टेशनात शिरताना ब्रेक लावायचे, सोडायचे, परत लावायचे. डब्यातली उभी माणसं सगळी मिळून माना डोलवायची. शेंडेभाऊंची गाडी थांबलेली मला कधी कधी फलाटावरचा चहावाला खिडकीशी आला की कळायची.

माणूस उंच, वाळका, कानावर पांढरे केस. गाव कुरखेड्याकडचं. घरात रेल्वेत लागलेले ते पहिलेच. जेवणाच्या डब्यात भात आणि लाखोळीची डाळ, कधी वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी. ड्युटीवर चढायच्या आधी ते नळावर दोन्ही तळहात साबणानं धुवायचे आणि रुमालानं बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करायचे. जेवायच्या आधी इतकी काळजी घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी एकदा चेष्टा केली, तर म्हणाले, "ओल्या हातानं हँडल सटकते. भात नाई सटकत."

ते हँडल म्हणजे आमच्या गाडीतली मोठी गंमत आहे. चालकानं ते डाव्या हातानं सतत दाबून धरायचं असतं. चालकाला घेरी आली, झोप लागली, जीव गेला, काहीही होऊन हात सुटला, तर गाडी समजते की आपल्याला आता कुणी नाही, आणि स्वतःच ब्रेक लावून घेते. वर्षानुवर्षं असं दाबून दाबून शेंडेभाऊंच्या डाव्या हाताला सवय जडली होती. बुद्धविहारात बसले तरी तो हात गुडघ्यावर दाबलेला. मुलीच्या लग्नात तर खुर्चीचा हात त्यांनी असा दाबून धरला होता की वहिनी भर मांडवात म्हणाल्या, "सोडा जी आता. पोरगी थांबत नाई, चालली थे." सगळे हसले. शेंडेभाऊही हसले, पण हात तिथंच होता.

एकदा जंगलात मोहोळ उठलं आणि माशा त्यांच्या केबिनमध्ये शिरल्या. पुढच्या स्टेशनवर मी धावत गेलो, तर एक डोळा मिटलेला, ओठ सुजलेला, आणि हात हँडलवर. मी म्हटलं, "भाऊ, सोडून द्याचं ना! गाडी आपोआप थांबली असती." ते सुजलेल्या ओठांनी म्हणाले, "थांबली असती ना. माशायच्या मधात. डब्यात लेकरं व्हते." मग स्टेशनमास्तरांनी आणलेला चुना लावून ते पुन्हा चढले. मला मात्र पुढचे दोन तास त्यांच्या त्या चेहऱ्यानं हसू येत होतं आणि हसल्याची लाजही वाटत होती.

गाडीचा ब्रेक कसा चालतो, हे त्यांनी मला एका बकरीच्या निमित्तानं नीट दाखवलं. तसं मी प्रशिक्षणात शिकलो होतो, परीक्षाही पास झालो होतो. पण शिकलेलं आणि कळलेलं यात फरक असतो. माझ्या केबिनमध्ये हवेचा दाब दाखवणारी एक तबकडी आहे. एका लहान स्टेशनातून गाडी निघाली आणि त्या तबकडीचा काटा खाली सरकायला लागला. गाडी थांबली. कुणीतरी साखळी ओढली होती. डबा शोधत मी मागून निघालो, शेंडेभाऊ पुढून आले. साखळी ओढणारा गृहस्थ दारातच उभा होता. त्याची बकरी फलाटावर राहिली होती. डब्याच्या टोकाशी हवा सूं सूं करत बाहेर पडत होती.

मी तोंड सोडणारच होतो. शेंडेभाऊंनी त्या माणसाचा हात धरला आणि त्या हवेसमोर नेला. "लागते काय गार? हे हवा पाय. लोकायले वाट्टे ब्रेक लावाले हवा लागते. ब्रेक सुटलेले राहाले हवा लागते, बाबू." मग त्यांनी त्याला समजावलं, की गाडीच्या पोटातून एक नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. तिच्यात हवा दाबून भरलेली आहे तोवर ब्रेक चाकांपासून दूर राहतात. ती हवा कुठूनही गेली, चालकानं सोडली, गार्डानं सोडली, तू साखळी ओढली, नाहीतर डबा तुटून नळीच फाटली, की प्रत्येक डब्याखाली साठवलेली हवा ब्रेक चाकांवर दाबते. "म्हंजे गाडीत बसलेला कोनीबी तिले थांबवू शकते. एवढा भरोसा केला हाय तुयावर. थो बकरीसाठी वापरला तू." तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "गाभन हाय जी थे." शेंडेभाऊ विचारात पडले. मग मला म्हणाले, "गाभन हाय म्हंते." आणि आम्ही बकरी येईपर्यंत थांबलो. उशिराचं कारण मी काय लिहिलं ते विचारू नका.

नवीन चालक त्यांच्याकडं शिकायला यायचे. त्यांना ते एकच गोष्ट घोकायला लावत. रुळावर माणूस दिसला, तर आधी ब्रेक, मग हॉर्न. हे वाटतं तितकं सोपं नाही. कुणी समोर आलं की माणसाचा हात आधी ओरडायला जातो. तो हटेल असं वाटतं. "थो हटन का नाई, हे त्याच्या हातात हाय," शेंडेभाऊ म्हणायचे. "तुया हातात ब्रेक हाय. आपलं काम आधी करजो."

हे इतक्या पोटतिडकीनं ते का सांगतात, हे मला एका दुपारी गोंदियाच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या जागी, कळलं. परतीच्या गाडीला वेळ होता. कूलरसमोर दोन खाटा टाकून आम्ही पडलो होतो. त्यांनी छताकडं पाहत, काही न विचारता सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या एका लाइनीवर, सायकल घेऊन रूळ ओलांडणारा एक माणूस त्यांच्या गाडीखाली गेला होता. ब्रेक वेळेवर लावला होता. चौकशीतही तसंच आलं. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर, दोघांची भेट रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. ब्रेक ठरावीक मर्यादेहून जोरात दाबला तर चाक अडकून घसरतं आणि गाडी उलट लांब जाते. त्यामुळं सगळा ब्रेक लावला तरी भर वेगातली पॅसेंजर अर्ध्या किलोमीटरच्या आगेमागे जाऊन थांबते.

"ब्रेक लावल्यावर चालकाले काई काम उरत नाई, सुधाकर," ते म्हणाले. "हात तिथीच. हॉर्न चालूच. अन् पाहत राहाचं. त्यानं माह्याकडं पाह्यलं होतं." मग म्हणाले, "एक हाय माह्या नावावर. दुसरं नको. रिटायर होईपर्यंत दुसरं नको, बस."

त्यानंतर मला त्यांच्या हात धुण्याची चेष्टा करता आली नाही.

आमच्या लाइनीवर आधी डिझेलची गाडी होती. डेमू. तिचा आवाज असा की जंगलात ती दिसायच्या कितीतरी आधी ऐकू यायची. लाइनीकाठच्या गावांनी आपले कान त्या आवाजावर लावून घेतले होते. गुरं हाकणारे, सरपण आणणाऱ्या बाया, सगळे रुळावरून निर्धास्त चालायचे. दुरून घरघर आली की सावकाश बाजूला व्हायचे. मग तारा आल्या, मेमू आली. विजेची गाडी. आम्हाला बरं झालं, धूर नाही, थरथर नाही. पण ती येते तेव्हा फारसं काही ऐकूच येत नाही, आणि जुने कान अजून डिझेलची वाट पाहत असतात.

शेंडेभाऊंचा जीव सगळ्यात टांगणीला लागायचा तो मोहाच्या दिवसांत. वडशाच्या अलीकडं जंगलात एक वळण आहे. तिथं एक जुनं मोहाचं झाड रुळाला अगदी लागून उभं आहे. जंगलातलं झाड असलं तरी कुठल्या घरानं कुठल्या झाडाखाली वेचायचं, हे आमच्याकडं ठरलेलं असतं. हे झाड जवळच्या गावातल्या मडावी बाईचं. झाडाखाली पाला असतो, त्यात पडलेलं फूल सापडत नाही, म्हणून लोक पाला जाळून जागा साफ करतात. पण रुळाच्या मधल्या खडीवर पडलेलं फूल आयतंच स्वच्छ. ना माती, ना काडी. म्हणून बाया उजाडताच आधी रुळांच्या मधे बसून वेचतात आणि मग झाडाखाली वळतात. आमची गाडी नेमकी त्याच वेळेला तिथं पोचते.

एका सुट्टीच्या दिवशी शेंडेभाऊ मला घेऊन त्या गावात गेले. बायांना जमवून त्यांनी समजावलं. मडावी बाई म्हातारी, हाडं मोठी, कानानं अधू. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी तं पयलेपासून तिथीच येचतो. तुमचीच गाडी आता चोरावानी येते गा. आमचं काय चुकलं?" परत येताना शेंडेभाऊ म्हणाले, "खरं हाय तिचं." तेव्हापासून मोहाच्या दिवसांत ते वळणाच्या बरंच आधी वेग कमी करायचे आणि हॉर्न द्यायचे. उशीर झाला तर झाला.

त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. मोह जोरात पडत होता. त्या सकाळी कुणीतरी वळणापलीकडं पाला पेटवला होता आणि वारा नसल्यानं धूर रुळावर पसरून बसला होता. वळणाआधीचा नेहमीचा हॉर्न झाला. मी खिडकीत उभा होतो. मग अचानक पुन्हा हॉर्न, लांबलचक, थांबेचना. माझी नजर तबकडीवर गेली. काटा जागेवर होता. आणि मग तो एकदम खाली पडला, शून्यावर. चाकं किंचाळली. माझी पेटी सरकत भिंतीवर आदळली, मी दांडीला लटकलो. डब्यांतून आरडाओरडा ऐकू आला. जळक्या ब्रेकचा वास आला. बाहेर मोहाचं झाड माझ्या खिडकीवरून गेलं. म्हणजे अख्खी गाडी त्या जागेवरून गेली होती. मग कुठं पुढं जाऊन थांबली.

असं झालं की चालकाला काही दिसत नाही. जे झालं ते त्याच्या मागं राहतं, आणि मागं मी असतो. वॉकीटॉकी खरखरली.

"सुधाकर."

ड्युटीवर त्यांनी मला नावानं कधीच हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "पाहून राह्यलो, भाऊ," आणि खाली उतरून धुरात मागं चालत गेलो. रुळांच्या मधे एक टोपली चेंदामेंदा होऊन पडली होती आणि खडीवर फुलंच फुलं. मला पुढं बघवेना. बघावं तर लागणारच होतं. उताराखाली, झुडपाला धरून, मडावी बाई बसली होती. गुडघे सोलवटलेले, पायातली एक चप्पल गायब. माझ्याकडं पाहून तिनं मला अशी शिवी दिली की मला रडू फुटलं.

"जिती हाय, भाऊ," मी वॉकीटॉकीत सांगितलं. "बसून हाय. गुडघे फुटले, बस. आयकू आलं काय?"

थोड्या वेळानं पाहतो तर गाडी हलू नये म्हणून नीट बांधून शेंडेभाऊ खडीवरून चालत येत होते. अख्ख्या गाडीची लांबी. डब्यातली माणसं खिडक्यांतून डोकी काढून पाहत होती. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. ते येऊन मडावी बाईसमोर उकिडवे बसले.

"काय पाह्यते गा? माही टोपली गेली," ती म्हणाली. "पहाटपासून येचलं होतं."

"माय, तुले भोंगा आयकू आला काय?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"काय?"

"भोंगा! आयकू आला?"

"नाई बा. बुडाखाली जमीन हालली. मनून उडी घेतली."

शेंडेभाऊंनी मान हलवली. तिची चप्पल शोधून आणली, पायाशी ठेवली. मग उठून माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "तू मांगं होता. आधी काय झालं? हॉर्न का ब्रेक?"

त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, "आधी हॉर्न. मंग काटा पडला."

"किती मंग?"

"जरासा. पापणी लवावी एवढा."

ते परत चालत गेले. काही वेळानं वॉकीटॉकीवर नेहमीचा आवाज आला, "चलू काय गार्डसाहेब?" मी हो म्हटलं.

गोंदियाला बातमी आमच्या आधी पोचली होती. रनिंग रूममध्ये लोकांनी शेंडेभाऊंची पाठ थोपटली, कुणी पेढे आणले. त्यांनी डबा उघडला नाही. सगळे गेल्यावर म्हणाले, "उद्या मी लिहून देतो. गाडीवरून उतरवा म्हणून."

मला राग आला. खरोखर आला. मी म्हटलं, "भाऊ, बाई वाचली! एका पापणीसाठी कोनी गाडी सोडते काय? आता किती दिवस राह्यले तुमचे!"

"थे आपल्या पायानं वाचली, सुधाकर. माह्या ब्रेकनं नाई." ते शांत होते, त्यानं मी आणखी चिडलो. "पोरायले एवढं घोकवलं, आधी ब्रेक. अन् माह्या हातानं काय केलं? भोंगा दाबला. काऊन? मले वाटलं थे आयकन, उठन, मंग ब्रेक लागनारच नाई. थे आयकत नाई हे मले माहीत असून. हाताले आस लागली. इतके वर्स नाई लागली, आता लागली. अशा हातात गाडी नाई देऊ."

"दुसरं काई तुमच्या नावावर लागलं नाई ना? मंग?"

"नाई लागलं," ते म्हणाले. "म्हनूनच आत्ता उतराचं. लागल्यावर उतरून काय करू?"

मी पुढं पुष्कळ बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्याला हवं तेच केलं. उरलेले महिने ते लॉबीत, म्हणजे चालक हजेरी लावतात त्या खोलीत, टेबलाशी बसले. ड्युटीवर निघणाऱ्या चालकांच्या हाताकडं पाहत. निरोप समारंभात एका साहेबांनी भाषणात सांगितलं, की यांनी प्रसंगावधान राखून एका वृद्ध महिलेचे प्राण वाचवले. शेंडेभाऊ हार घातलेलेच उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, माफ करजा. थे बाई आपल्या पायानं वाचली." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. वहिनींनीही नाही.

पुढं ते वडशाला घर घेतलं होतं तिथं राहायला गेले. फोनवर कधीमधी बोलणं व्हायचं, तब्येतीचं, नातवाचं. मोह पडायला लागला त्या दिवसांत एकदा फोन केला, तर वहिनींनी उचलला. "घरी कुठी असते थे," त्या म्हणाल्या. "अंधारात स्कूटर काढते अन् जाते. ड्युटी सुटली म्हने. मले तं नाई वाटत."

दुसऱ्या दिवशी वळण आलं तेव्हा मी मागच्या दारातच उभा होतो. पुढं नवा चालक होता. त्यानं शेंडेभाऊंच्याच रीतीनं वेग कमी केला. पाल्याचा धूर थोडा होता. गाडी वळली आणि मोहाचं झाड आलं. झाडाखाली उतारावर पाचसहा बाया टोपल्या घेऊन ओळीनं उभ्या होत्या. मडावी बाई सगळ्यात पुढं, तोंडानं काहीतरी कुरकुरत. आणि त्यांच्या व रुळाच्या मधे, गाडीकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून शेंडेभाऊ उभे होते. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, पायजमा घोट्यावर खोचलेला.

मी झेंडा हलवला. जीव तोडून ओरडलो, "शेंडेभाऊ! ओ भाऊ!" त्यांना ऐकू गेलं असणार. पण त्यांनी वळून पाहिलं नाही. गाडी जात होती तोवर ते एकेका बाईकडं बोट करून मोजत होते.